सोमवारचं डोकं

महिन्यातून एखाद-दोनदा आमच्या घरी आईचं मौन असे. आदल्या संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती आत्याला सांगे, "वन्सं, उद्या माझं मौन आहे हो," आणि झोपाळ्यावर वाती वळत बसलेली आत्या मान हलवी. दुसऱ्या दिवशी आई पहाटे उठे, चूल पेटवून वरणाची डाळ शिजत लावी, पेलाभर दूध आणि गूळपोळीचा तुकडा खाई, आणि स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत जाऊन दार ओढून घेई. त्या खोलीला खिडकी नव्हती. आत गव्हाची कणगी, तुरीच्या डाळीचा डबा, लोणच्याच्या बरण्या आणि एक जुनं जाजम. संध्याकाळपर्यंत आई तिथेच असे. त्या दिवशी घरात मोठ्याने बोलायचं नाही, अशी आत्याची सक्त ताकीद होती. भांडं आपटलं तरी ती डोळे वटारी, "घरात व्रत चाललंय, कळत नाही?" हे मौन कोणत्या तिथीला येतं याला काही नेम नव्हता. त्याचंही उत्तर आत्याने ठरवून टाकलं होतं. आईच्या माहेरच्या गुरूंनी सांगितलेलं व्रत, त्यांची गणितं वेगळी. फक्त मौनाच्या आधी दूध-पोळी खाणं तिला कधी पटलं नाही. "आमच्याकडे व्रत म्हणजे पाण्याचा थेंब नाही," ती म्हणे. आई उत्तर देत नसे. तिचं मौन असे ना.

आम्ही बडोद्याच्या बाबाजीपुऱ्यात मणिबेनच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, सरकारी फरासखान्यात कारकून होते. तंबू, कनाती, गालिचे, झुंबरं यांची उस्तवारी त्यांच्या खात्याकडे. दरबार भरायचा असला की अण्णा आठवडाभर घरी केवळ जेवायला येत, आणि आले की त्यांच्या कोटाला कापराचा आणि जाड कापडाचा वास येई. महाराज अण्णांनी पुष्कळदा पाहिले होते, पण महाराजांविषयी विचारलं की ते गालिच्याविषयीच सांगत. आत्या ही अण्णांची थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन माहेरी आली होती आणि आजीच्या पश्चात घराचा कारभार तिच्याकडे होता. तिचं सिंहासन म्हणजे बाहेरच्या खोलीतला झोपाळा. बडोद्यात झोपाळा नाही असं घर त्या वेळी क्वचितच असेल. आमच्या झोपाळ्याच्या पितळी कड्यांना तेल घातलं तरी त्या कुरकुरत, आणि आत्या बसली की पायाने एक ठेका धरी. ती कुरकुर, खाली मणिबेनच्या खांडणीत मिरच्या कुटण्याचा आवाज, रस्त्याने जाणाऱ्या हत्तीच्या गळ्यातली घंटा, दातणवाल्या बाईची हाक. हे सगळं मला त्या काळी आवडायचं. पुढे यातल्या प्रत्येक आवाजाने मला मोरीत वाकायला लावलं, तरीही आवडतच राहिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

पहिल्यांदा मला ते झालं तेव्हा मी परवचा म्हणत आत्यासमोर बसले होते. डोळ्यासमोर एक चकाकणारी, करवतीच्या दातांसारखी वाकडीतिकडी रेघ आली. ती हळूहळू पसरत गेली आणि आत्याचा अर्धा चेहरा नाहीसा झाला. डोक्यावरचा पदर दिसत होता, एक कान दिसत होता, तोंड दिसत नव्हतं, आणि त्या नसलेल्या तोंडातून "बारा सत्ते किती, सांग!" असं स्पष्ट ऐकू येत होतं. मला हसू आलं. आत्याने पाठीत धपाटा घातला. अर्ध्या तासात उजव्या भुवईच्या वर कुणी खिळा ठोकतंय असं वाटू लागलं आणि मग ओकारी. त्याला काय म्हणतात ते आत्याने तिथल्या तिथे सांगितलं, "अर्धशिशी! सूर्याबरोबर चढते, सूर्याबरोबर उतरते." माझी मात्र संध्याकाळी चढली आणि दुसऱ्या दुपारी उतरली, पण आत्याच्या शास्त्रात अशा गोष्टींना जागा नव्हती.

मग उपाय सुरू झाले. सुंठ उगाळून कपाळावर लेप, त्याने कपाळाची आग होई आणि आतलं दुखणं तसंच राही. नाकात कोमट तूप. वेखंडाची धुरी, जिच्यामुळे ओकारी हमखास लवकर येई. मांडवी दरवाजापलीकडचा एक माणूस अर्धशिशी उतरवतो म्हणून त्याच्याकडे नेलं. त्याने पुटपुटत माझ्या डोक्यावरून राख फिरवली आणि निंबाच्या झाडाला खिळा ठोकला. झाडाचं काय झालं ते मला माहीत नाही. सगळ्यांत गोड उपाय मणिबेनचा. ती एके दिवशी उजाडायच्या आत द्रोणात गरम जिलेबी आणि लोट्यात दूध घेऊन जिना चढून आली. "सूरज ऊगे ते पहेलां खाई ले, दीकरी," ती म्हणाली, म्हणजे सूर्य उगवायच्या आत खाऊन टाक. मी खाल्ली. त्या दिवशी डोकं दुखलं नाही. चार दिवस ती आणत राहिली आणि चारही दिवस मी ठीक होते. मणिबेनचं म्हणणं, सूर्याला फसवलं. आज विचाराल तर मी म्हणेन, पोट भरलं होतं. पण हे कळायला फार वेळ गेला, आणि मधल्या काळात आत्याने जिलेबी बंद केली. बाजारचं खाऊन कुठे दुखणी जातात? त्यापेक्षा तिला खात्रीचा उपाय सापडला होता, सोळा सोमवार.

सोळा सोमवारांत दिवसभर काही खायचं नाही, संध्याकाळी महादेवाची पूजा करून गव्हाचा गूळ-तूप घातलेला चुरमा खायचा. त्याला खंड पडता कामा नये, पडला तर पहिल्यापासून मोजायचं. आत्याने हे माझ्यावर प्रेमानेच लादलं. ती स्वतः माझ्याबरोबर देवळात यायची, माझ्यासाठी बेल निवडायची, आणि चुरमा तर असा करायची की त्यासाठी उपवास करावा. पण सोमवारी दुपार झाली की ती करवतीची रेघ यायचीच. मी ओकायचे, ग्लानीत कुणीतरी तोंडात साखरपाणी घालायचं, उपास मोडायचा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिला सोमवार. आत्याला यात शंकराची परीक्षा दिसे. "तो सहज प्रसन्न होत नाही, यमे. चिकाटी धर." मी चिकाटी धरली. सोमवारी शाळेला निघताना आई जिन्यात माझ्या मुठीत गुळाचा खडा कोंबायची. तोंडाने काही बोलायची नाही. मला वाटे, आईला व्रताचं गांभीर्य नाही. मी तो खडा खाली मणिबेनच्या शेळीला द्यायचे. शेळीचं डोकं कधी दुखलं नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण मला लोक विचारतात. मी बरी कशी झाले? बरी झाले नाही. मला अजून होतं, या वयात जरा कमी होतं इतकंच. आता डॉक्टर त्याला मायग्रेन म्हणतात, आणि गोळीही मिळते. ती सुरुवातीलाच घेतली तर उपयोग होतो आणि ऊठसूट घेतली तर उलट डोकं दुखवते. मी बरी झाले नाही, मला ते सांभाळता आलं, आणि ते कसं आलं त्याचीच ही हकीकत आहे.

मराठी सातवी झाल्यावर माझं नाव मास्तरणींच्या ट्रेनिंगच्या वर्गात घातलं. महाराजांच्या राज्यात प्रत्येक मुलीला शाळेत घालावंच लागे, त्यामुळे मुलींच्या शाळा निघत होत्या आणि शिकवायला बायका पुरत नव्हत्या. अण्णांच्या डोक्यात ते होतं. शिवाय माझं लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणी गोष्ट पुढे गेली आणि दोन्हीकडे कुणीतरी जाऊन सांगितलं की मुलीला कसलेसे झटके येतात. तेव्हा लग्न जमेपर्यंत शिकू दे, असं आत्यानेही म्हटलं. तिच्या दृष्टीने ती वेळ घालवायची सोय होती. मी मात्र पहिल्याच आठवड्यात हरखले. सरावाच्या शाळेत फळ्यासमोर उभं राहून पाठ फिरवली की मागून येणारी मुलींची कुजबुज, खडूचा वास, एखादीला हातचा घेणं समजलं की तिच्या भुवया वर जायच्या ते. मला वाटलं, जगात मला करायला एवढं एकच काम आहे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. आमच्या घरात असं बोलायची पद्धत नव्हती.

आणि मग लागोपाठ दोन सोमवारी मी वर्गात पडले. दुसऱ्या वेळी तर फळ्याखालीच बसून ओकले. पहिलीतल्या मुली रडायला लागल्या. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"यमुना, तू हुशार आहेस," त्या म्हणाल्या. "पण जिला वर्गात आडवं व्हावं लागतं, तिच्या हाती मी एवढ्या मुली कशा देऊ? वडिलांना सांग, नाव काढून घ्या. बरी झालीस की पुढच्या वर्षी ये."

पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे मला नीट कळत होतं. एका वर्षात आत्या मला कुठेतरी उजवल्याशिवाय राहिली नसती, आणि जिथे जाईन तिथे फळा असण्याची शक्यता शून्य होती.

त्यानंतरचा रविवार. अण्णा घरी होते. आईचं मौन होतं, ती सकाळीच कोठीच्या खोलीत गेली होती. बाहेर ऊन असं की समोरच्या घराच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं. आत्या झोपाळ्यावर, अण्णा चटईवर सुपारी कातरत, आणि मणिबेन आमचं पातेलं परत करायला वर येऊन दारातच बसलेली. बोलणं हलक्या आवाजात चाललं होतं, व्रताचा मान राखून.

"अक्का, उद्या कचेरीत जाता जाता नाव काढून येतो," अण्णा म्हणाले. "झेपत नाही तर नाही. जिवापेक्षा काय जास्त आहे?"

"मी पहिल्यापासून तेच सांगतेय," आत्या म्हणाली. "आधी सोळा सोमवार निर्विघ्न होऊ देत. आता घरातच राहील तर नीट होतील. आणि त्याला जोडून एकादशीही धरू. मग लग्न. काय शिकायचं शिकवायचं ते सासरी जाऊन कर म्हणावं."

"सासरी फळा नसतो, आत्या," मी म्हणाले.

"पोळपाट असतो. त्याच्यावर लिही."

"आ छोकरी खूब बोले छे," मणिबेन कौतुकाने म्हणाली. मुलगी फार बोलते, हे तिचं माझ्याविषयीचं नेहमीचं मत होतं.

मी आणखी काही बोलणार इतक्यात कोठीच्या खोलीचं दार उघडलं. आई चौकटीला धरून उभी होती. डोक्याला अण्णांचं जुनं उपरणं करकचून बांधलेलं, उजवा डोळा मिटलेला, चेहरा भिजवलेल्या कणकेसारखा. मौनात आईला असं बाहेर आलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटलं, तिला पाणी हवं असेल.

"वन्सं," आई म्हणाली, "आधी तो झोपाळा थांबवा."

आत्याचा पाय जमिनीवर टेकला तो तिथेच राहिला. "हाय हाय, मौन तूटी गयुं!" मणिबेन तोंडावर हात ठेवून म्हणाली. मौन मोडल्याचं तिला आमच्यापेक्षा जास्त दुःख झालेलं दिसलं.

"मौन नाहीये ते," आई म्हणाली. "डोकं आहे."

"कसलं डोकं?" अण्णांनी विचारलं.

"हिला आहे तेच. लग्न होऊन या घरात आले त्याच्याही आधीपासून."

आई सावकाश, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखी बोलत होती. "आले त्या वर्षी एकदा दुपारी पडले होते. सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, दिवसा निजायला लाज नाही वाटत? पुढच्या वेळी मी सांगितलं की माझं मौन आहे. तर त्यांनीच मला अंधारातली खोली दिली. मुलांना दटावलं. संध्याकाळी माझ्यासाठी दूध पाठवलं. दिवसा निजणारी सून त्यांना नको होती. मौन धरणारी चालत होती. मग मी मौन धरलं."

"देवाच्या नावाखाली?" आत्याचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं? आणि मी सगळ्या गल्लीत सांगत फिरले?"

"देवाला ठाऊक होतं, वन्सं. घरात सांगायचं राहिलं."

अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. "मला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर इकडून वैद्य आणला गेला असता. वैद्याने लंघन सांगितलं असतं. उपाशी राहिले की माझं डोकं हमखास फुटतं. हिचंही तेच आहे. हिचं डोकं सोमवारी दुखतं, कारण सोमवारी ही उपाशी असते. एवढे सोमवार बघतेय मी."

"मग बोलली का नाहीस?" हे मी विचारलं. माझा आवाज चढला होता. आईने कपाळ आवळून धरलं, तेव्हा मी तो खाली आणला.

"आईकडून आलेलं दुखणं म्हटलं की मुलीची पत्रिका कुणी हातात घेत नाही," ती म्हणाली. "म्हणून गप्प बसले. पण तुझं नाव काढताहेत. याच डोक्याने मी या घरातली बाळंतपणं केली, तुझ्या काकाचं लग्न केलं, सासूबाईंचं आजारपण काढलं. तुला शाळेतल्या मुली झेपतील. नाव काढायचं नाही. एवढंच सांगायला आले होते."

मग ती मोरीत गेली, ओकली, तोंड धुतलं, आणि परत जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत तिने तोंडातून शब्द काढला नाही. आम्हीही काढला नाही. मणिबेन पातेलं घेऊन आली होती ती पातेलं घेऊनच खाली गेली.

आत्याने दोन दिवस आईशी अबोला धरला आणि त्या दोन दिवसांत ती झोपाळ्यावरही बसली नाही, खाली जाजमावर बसून वाती वळत राहिली. तिला काय वाटत होतं ते आज मला थोडंफार समजतं. तिच्याजवळ आयुष्यात व्रतांवाचून दुसरं काही नव्हतं, आणि तिच्या नाकासमोर कुणीतरी व्रताचा पडदा करून मागे निजलं होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "महादेवाला बोललेलं मोडता येत नाही. तुझे सोळा सोमवार मी करते. माझं डोकं लोखंडाचं आहे." आणि तिने केले, एकही खंड न पडू देता. सोमवारी सकाळी माझं ताट ती स्वतः वाढायची आणि समोर बसायची. "आणखी भात घे. तुझ्यासाठी मी उपाशी मरतेय, तू तरी पोटभर जेव." आईला मात्र ती पुढे बरेच दिवस टोमणे मारत राहिली. आईने जरा जांभई दिली की म्हणे, "काय, मौन येतंय वाटतं?"

गंमत म्हणजे तो टोमणा खरा होता. आईने मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच. आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो. "मला आदल्या दिवशी कसं कळतं, असं तुला कधी वाटलं नाही?" तिने विचारलं. मला खरंच वाटलं नव्हतं, व्रत तर आधी ठाऊक असतंच. मग तिने सांगितलं. झोप पुरी होऊनही जांभयांवर जांभया येतात. मान आखडते. गोड खावंसं वाटतं, कधी नुसतं मीठ. आणि काही कारण नसताना माणसांचा राग येतो. "वन्संचा झोपाळा रोज तेवढाच वाजतो. ज्या दिवशी तो मला मोठा वाटतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी डोकं." अशी चाहूल लागली की दुखण्याची वाट बघायची नाही. वेळेवर जेवायचं, पाणी प्यायचं, लवकर निजायचं, उन्हातून जायचं झालं तर डोक्यावरून पदर डोळ्यांपर्यंत ओढायचा. रेघ दिसली की हातातलं काम टाकून आलं घातलेला कडक चहा घ्यायचा आणि अंधारात पडायचं. "थोडा वेळ लवकर पडलीस तर दिवस वाचतो. हट्टाने उभी राहिलीस तर दोन दिवस जातात." एवढं करूनही यायचं ते येईलच, पण कमी वेळा येईल आणि त्याला भिऊन राहावं लागणार नाही. मी आजही मुलींना जे सांगते त्यात याहून जास्त काही नाही. फक्त एक भर घालते, की डोकं आजवर कधी नव्हे असं एकाएकी फुटल्यासारखं दुखलं, किंवा बरोबर ताप असला, तर चहा पीत बसू नका, दवाखाना गाठा.

एके संध्याकाळी अण्णा फरासखान्याच्या लिलावातून घेतलेला जुन्या कनातीचा जाड निळा तुकडा खांद्यावरून घेऊन आले, मधल्या खोलीच्या खिडकीला खिळे मारून त्यांनी तो लावला, आणि आईला म्हणाले, "यापुढे इथे पडायचं. तिथे कणगीशेजारी वारा लागत नाही." आईने कनात दोनदा उघडून मिटून पाहिली. मग ती भाकऱ्या करायला गेली.

मोठ्या बाईंकडे आई माझ्याबरोबर स्वतः आली. शाळेत पाऊल टाकण्याची तिची ती पहिली वेळ. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, पण बोलली सरळ.

"हिला अर्धशिशी आहे. मलाही आहे. जाणार नाही ती. पण आता हिला आधी कळेल, आणि कळलं की ही तुम्हाला सांगेल. कधीमधी तासभर अंधारी खोली लागेल. बाकीचे दिवस ही कुणाहून कमी नाही."

"आणि परीक्षकांसमोर आली तर?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तर परीक्षकांनाही कळेल," आई म्हणाली.

मोठ्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "महिनाअखेरीस तुझा सरावाचा धडा मी स्वतः बघेन. तोपर्यंत नाव राहील. त्यानंतर ठरवू."

त्या महिन्यात सोमवार आले आणि गेले, मी उभीच होते. धड्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र मला जांभया सुरू झाल्या. झोपाळा मोठा वाजायला लागला. मी जेवले, लवकर निजले, सकाळी पुन्हा नीट जेवले, आणि शाळेत गेल्याबरोबर मोठ्या बाईंना सांगितलं, "आज दुखेल असं वाटतं."

"धडा पुढे ढकलायचा?"

"नको. पण एका खोलीची खिडकी लावून ठेवायला सांगा."

धडा नदीचा होता. दुसरीच्या मुलींना विश्वामित्री कुठून येते आणि कुठे जाते ते शिकवायचं. मोठ्या बाई मागच्या बाकावर पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. मी पावागडचा डोंगर काढला, त्यातून नदी निघाली, आणि ती बडोद्यापर्यंत येते न येते तोच करवतीची रेघ आली. नकाशाची डावी बाजू गेली. वळून पाहिलं तर डाव्या बाजूच्या सगळ्या मुलीही गेल्या होत्या. पूर्वी मी अशा वेळी दात आवळून पुढे रेटलं असतं आणि फळ्याखाली बसले असते. या वेळी मी खडू खाली ठेवला. खिडकीजवळच्या मुलीला झडप लोटून घ्यायला सांगितलं. मग म्हणाले, "आता नदी तुम्ही न्यायची. एकेकीने यायचं, एकेक गाव पुढे न्यायचं." मी उजेडाकडे पाठ करून भिंतीला टेकून उभी राहिले आणि नुसते प्रश्न विचारत गेले. पाणी वर चढेल का गं? मग कुठून वळेल? मुली धावत येत होत्या, भांडत होत्या, एकीने नदी परत डोंगरावर नेली तेव्हा बाकीच्या ओरडल्या, आणि माझ्या कपाळात खिळा बसायला सुरुवात झाली. नदी समुद्राला मिळाली. मी मुलींना पाटीवर तो नकाशा उतरवायला सांगितला आणि मोठ्या बाईंजवळ जाऊन म्हणाले, "धडा संपला. मी आता जाते."

नकाशांच्या खोलीत सतरंजी घातलेली होती आणि खिडकी लावलेली होती. शिपाईणीने चहा आणून दिला. तो मी प्यायले आणि पडले. दुखलं, पुष्कळ दुखलं, पण ते माझ्या अंगावर धावून आलं नाही. मीच आधी जाऊन त्याची वाट बघत पडले होते. बाहेर घंटा झाली, वर्ग बदलले, मुली पाढे म्हणायला लागल्या, आणि त्या पाढ्यांत मला झोप लागली.

जाग आली तेव्हा दार किलकिलं होतं आणि मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. मी उठायला लागले तशी त्यांनी हाताने पडून राहा म्हटलं.

"धडा कसा झाला?" मी विचारलं.

"डाव्या बाजूच्या मुलींना तू शेवटपर्यंत एकही प्रश्न विचारला नाहीस."

"दिसत नव्हत्या, बाई."

मोठ्या बाई हसल्या. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. "त्या तक्रार घेऊन आल्या होत्या माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "त्यांना नदी काढायला मिळाली नाही म्हणून. उद्या अकरा वाजता दुसरीचा वर्ग तुझ्याकडे. आधी त्यांना काढू दे." दार ओढून घेता घेता त्या थांबल्या. "आणि जेवून ये."

मी जेवून गेले.